पालीच्या पिल्लाची थंडी आणि भूक

लेपर्ड गेको ही ठिपक्यांची पाळीव पाल. अंड्यातून निघालेलं तिचं पिल्लू जेमतेम 3 ग्रॅमचं असतं. त्याला रोज जिवंत किडे लागतात, रातकिडे उत्तम; पण किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. त्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरावी, नाहीतर हाडं वाकतात. आणि एक कळकळीचं सांगणं: आपल्याकडे आदिलाबादेत कापसावर औषधं फवारतात, तेव्हा शेतातले किडे पकडून मुळीच घालू नका.

तब्येत शेपटीवरून ओळखावी. चरबी तिथेच साठते. शेपटी मानेइतकी जाड असली की पिल्लू ठीक. काडीसारखी दिसू लागली तर पशुवैद्यांना दाखवा. आठवड्यातून एकदा ग्रॅमच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा.

आदिलाबादचा हिवाळा मात्र या पिल्लांना जड जातो. ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही, पिल्लू अन्न सोडतं. पेटीच्या एका बाजूला 31-32 अंश ऊब हवीच, दुसरी बाजू थंड राहू द्या.

रानातली पाल मात्र पकडून आणू नका. तिला रानातच राहू द्या.