हरभऱ्याचा फुलोरा आणि जमिनीतील ओल



सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस औंधला पोहोचेपर्यंत पुष्कळसा सरलेला असतो. जुन्या औंध संस्थानातील आटपाडीचा भाग आज सांगली जिल्ह्यात आहे. त्याचीही तीच गत. कालव्याचे पाणी जेथे पोहोचलेले नाही, तेथे रब्बीची सारी भिस्त परतीच्या पावसावर. पेरणीनंतर पाऊस येईलच असे नाही. जमिनीत मुरलेली ओल हीच हरभऱ्याची शिदोरी असते, आणि ती दिवसेंदिवस आटत जाते.

या शिदोरीवर पिकाला दोन कामे उरकायची असतात: अंग धरणे आणि घाटे भरणे. फुलोरा उशिरा आला, तर झाड डौलदार दिसते. पण घाटे भरण्याच्या वेळी जमीन कोरडी पडलेली असते. घाटे पोचट राहतात, दाणा बारीक होतो. कोरडवाहू हरभऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान या अखेरच्या ताणाने होते.

मग काही वाणांना फुलोरा उशिरा का येतो? याचे एक मोठे कारण दिवसाच्या लांबीत आहे. हरभऱ्याचे रानटी पूर्वज तुर्कस्तानच्या आग्नेय भागातील. थंडी सरून दिवस मोठा होऊ लागला की फुलावे, हा त्यांचा स्वभाव. औंधला डिसेंबरात दिवस सुमारे अकरा तासांवर येतो. दिवसाच्या लांबीकडे डोळे लावून बसणारे वाण अशा वेळी रेंगाळतात.

हा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या बियाण्यातून उतरतो. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेत लवकर फुलणाऱ्या ‘आयसीसीव्ही २’ या काबुली वाणाचा ‘जेजी ६२’ या देशी वाणाशी संकर करण्यात आला. त्याच्या संततीवरून जगदीश कुमार व व्हॅन ऱ्हीनन यांनी २००० साली दाखवून दिले, की फुलोऱ्याच्या वेळेतील मोठा फरक एका प्रमुख जनुकामुळे पडतो. उशीर प्रभावी, लवकर फुलण्याचा गुण मात्र आई व बाप दोघांकडूनही मिळावा लागतो. पुढे २०१७ साली या जनुकाची ओळख पटली. वनस्पतीच्या अंगातील दिवस-रात्रीचे घड्याळ चालविणाऱ्यांपैकी ते एक आहे. ‘आयसीसीव्ही ९६०२९’ या अतिशीघ्र वाणात त्याच्या मजकुरातील अवघी अकरा अक्षरे गळालेली आढळली. तेवढ्याने घड्याळाचा लगाम सुटतो आणि झाड मोठ्या दिवसाची वाट न पाहता फुलते. फुलोऱ्यावर परिणाम करणारी आणखीही काही जनुके आहेत. त्यामुळे पैदासकाराला मधल्या मुदतीचे वाणही घडविता येतात.

ही मधली मुदतच औंधच्या शेतकऱ्याच्या अधिक उपयोगाची आहे. जितके लवकर तितके चांगले, असा हिशेब येथे लागू पडत नाही. फार लवकर फुललेले झाड लहान राहते, आणि लहान झाडाला घाटेही बेताचे. हलक्या जमिनीत ओल थोडी, तेथे लवकर येणारा वाण तरून जातो. भारी काळ्या जमिनीत तोच वाण पेरला, तर खालच्या थरातील ओल न वापरताच पीक काढणीला येते. बांधाच्या अलीकडच्या शेताला योग्य ठरलेला वाण पलीकडच्या शेताला योग्य ठरेलच असे नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘विजय’ हा मर रोगास प्रतिकारक वाण या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जिरायतीत तो ८५ ते ९० दिवसांत तयार होतो, तर बागायतीत १०५ ते ११० दिवस घेतो. बियाणे तेच, पण हरभरा फुलू लागल्यावरही ओल असेल तोवर वाढत राहतो, आणि ओल संपताच आवरते घेतो.

म्हणून वाण निवडताना शेजाऱ्याच्या उताऱ्याइतकेच स्वतःच्या जमिनीच्या खोलीकडेही पाहावे. जिरायतीची पेरणी ओल उडून जाण्यापूर्वी, ऑक्टोबरच्या पूर्वार्धापर्यंत उरकावी. विहिरीत एकाच पाण्यापुरता साठा असेल, तर ते पाणी फुलोरा सुरू होताना द्यावे, तेही हलके. पाणी जादा झाले की झाड पुन्हा पाल्याच्या मागे लागते आणि घाटे मागे पडतात.