स्टेजवर लॅपटॉप: वाजवतोय की नुसतं प्ले दाबतोय?

आजचा विषय मित्रांच्या ग्रुपवर हमखास भांडण लावणारा आहे. चार-पाच जणांचा बँड वाजवतो ती खरी मैफल, आणि एकटा माणूस लॅपटॉप घेऊन उभा राहिला तर ती फसवणूक, असं म्हणायचं का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. वाद्य कुठलं, हा प्रश्नच नाही. स्टेजवरचा माणूस आत्ता, आपल्यासमोर काही ठरवतोय का, आणि ते चुकू शकतं का, एवढंच बघायचं.

आमच्या धंद्यातलं उदाहरण घ्या. क्लायंटला डेमो देताना रेकॉर्ड केलेला व्हिडिओ लावता येतो, किंवा त्याच्यासमोर सॉफ्टवेअर चालवता येतं. दुसऱ्यात छातीत धडधडतं. पण तो मध्येच "ते बटण दाबा बघू" म्हणाला, तर दाबता येतं. लाइव्ह म्हणजे हेच.

आता लॅपटॉपवाल्यांकडे या. डेडमाऊस हा मोठा इलेक्ट्रॉनिक कलाकार. २०१२ मध्ये त्याने उघड लिहिलं, की मोठ्या शोमध्ये आम्ही सगळे प्लेच दाबतो. दिवे, व्हिडिओ, सगळं गाण्याच्या वेळेला बांधलेलं असतं ना! दुसऱ्या टोकाला २००४ पासूनची टॉपलॅप ही मंडळी. ते सोनिक पाय, टायडलसायकल्स अशा सॉफ्टवेअरमध्ये प्रेक्षकांसमोर कोड लिहितात आणि स्क्रीन मोठ्या पडद्यावर दाखवतात. एक ओळ बदलली की ठेका बदलतो. एरर आली, तर तीही सगळ्यांना दिसते. लॅपटॉप दोन्हीकडे आहे, पण लाइव्ह एकच.

आणि बँडवाले धुतल्या तांदळासारखे आहेत असंही नाही. कित्येक बँड कानात क्लिक लावून, मागे रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकसोबत वाजवतात. मग पब्लिक रंगात आलं तरी गाणं दोन आवर्तनं वाढवता येत नाही.

मशीन आणि हात यांचं जमतं, हे मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच दाखवलं होतं. रोलँडच्या टीआर-८०८ चा ठेका, टीबी-३०३ चा बेस आणि त्यावर ज्युपिटर-८ सिंथेसायझरवर दहा राग!

पण एक गोष्ट मला खटकते, ती पैशाची. लॅपटॉप आणला की एकाचंच मानधन, एकाचंच तिकीट. आपल्याकडे लग्नात, सोसायटीच्या गणपतीत ऑर्केस्ट्राऐवजी ट्रॅकवर गाणारे आले. गायक टिकला, ढोलकीवाला आणि कीबोर्डवाला घरी बसले. नवी पोरं अशाच छोट्या स्टेजवर तयार होतात. ही स्टेज गेली, तर पुढचा ढोलकीवाला कुठे शिकणार?

म्हणून लॅपटॉप दिसला की नाक मुरडू नका, आणि गिटार दिसली म्हणून लगेच टाळ्याही वाजवू नका. समोरचा खरंच वाजवत असेल, तर त्याच्या तिकिटाला पैसे द्या. आणि घरचं कार्य असेल, तर बजेटमध्ये एक ढोलकीवाला बसतोय का, ते बघाच.

भेटू पुढच्या भागात!