हजेरीच्या वहीबाहेरची मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाचे आता कौतुक झाले. मीही टाळ्या वाजवल्या. पण त्या वर्गात चार वर्षे शिकवते आहे, म्हणून एक कबुली देते. शाळा सुटली की मुले येतात, बसतात, खाऊ घेऊन जातात. त्यांना वाचता येऊ लागले का, हे आम्ही कधी मोजूनच पाहिले नव्हते.

अशी मोजणी उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ साली झाली. मुंबईत जन्मलेली 'प्रथम' ही संस्था आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो प्रभृती अर्थशास्त्रज्ञ यांनी २८० गावे घेतली. (अभिजितबाबूंच्या मातुःश्री निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर बरे का!) कोणत्या गावात काय करायचे, ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले, आवडीची गावे निवडल्याचा ठपका नको. काही गावांत नुसत्या सभा घेतल्या. काहींत गावकऱ्यांनाच मुलांचे वाचन तपासायला शिकवले. काहींत याशिवाय गावच्याच तरुणांना चार दिवस शिकवून शाळेबाहेर वाचनवर्ग चालवायला दिले. उरलेल्या गावांत, तुलनेसाठी, काहीच केले नाही.

पुढल्या वर्षी पाहिले तर सभांनी वाचन सुधारले नव्हते. वर्गांना येणारी मुले मात्र खरोखरच पुढे गेली होती. पण आली किती? शंभरांतली आठ! ज्यांना वाचताच येत नव्हते, त्यांच्यातली तेरा. म्हणजे औषध गुणकारी, पण रोगी दवाखान्यात येतच नाही.

हे वाचल्यापासून मला चैन पडेना. दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा घेऊन मी आपल्याच गल्लीत घरोघर हिंडले. आपल्या वर्गाला येणारी मुले बहुतेक आधीच वाचणारी निघाली. अडखळणाऱ्या होत्या त्या मुली, आणि त्यांची नावे वहीत नव्हती. कोणी धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली, कोणी घागर घेऊन नळावर. नळाला पाणी सहाला येते, आणि आपला वर्गही सहालाच भरतो! चार वर्षांत हे आम्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

वर्ग साडेसातला भरवावा आणि धाकट्या भावंडांनाही बसू द्यावे, असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे. ती आपली स्वयंपाकाची वेळ, ठाऊक आहे. तीन महिन्यांनी तोच उतारा घेऊन त्याच घरी पुन्हा जायचे आहे. बरोबर दोघीजणी हव्या आहेत. सभा संपल्यावर मला भेटावे.