रेझिनची कला आणि रुळावरची शिस्त

(मंडळाच्या हस्तकला प्रात्यक्षिकाच्या वेळी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी कलाकार नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि गेली वीसेक वर्षे रुळांच्या देखभालीचे काम करतो आहे. हा माणूस रेझिनच्या किचेन आणि कोस्टरवर काय बोलणार, असे आपल्याला वाटेल. पण रेझिनशी माझी ओळख रुळावरच झाली. सिग्नलला गाडीचा पत्ता लागावा म्हणून रुळांत थोडा विद्युतप्रवाह सोडलेला असतो. त्याचे विभाग अलग ठेवण्यासाठी ठराविक ठिकाणी रुळांचे सांधे इन्सुलेशन घालून इपॉक्सीने चिकटवलेले असतात. त्याला आम्ही ग्लूड जॉइंट म्हणतो. आपल्या टेबलावरची ही स्वच्छ बाटली त्याच घराण्यातली!

आपल्या मातीला राळ आणि लाख नवी नाहीत. म्हैसूरच्या गाडीत बसलात की वाटेत चन्नपट्टण लागते. तिथली लाकडी खेळणी लाखेनेच रंगवतात. ती लाख एका किड्यापासून मिळते आणि तापवली की मऊ होते. इपॉक्सी कारखान्यातली, १९४० च्या दशकात ती बाजारात आली. ती एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. म्हणजे चूक झाली तर दुरुस्ती नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. आई गेल्यावर तिच्या फणेरपेटीत अबोलीचा एक वाळलेला गजरा सापडला, शेवटच्या गौरींना तिने स्वतः ओवलेला. तो काचेसारखा जपावा म्हणून मी रेझिन आणले. माप अंदाजाने घेतले. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर जास्त घातला आणि खोलगट साचा एका दमात भरला. थोड्याच वेळात साच्याला हात लावता येईना. सकाळी पाहतो तो रेझिन पिवळे पडलेले, आत बुडबुडे आणि गजऱ्याच्या मधोमध तडा. सौ. एवढेच म्हणाली, "साइटवर असं केलं असतंत का हो?" माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसरा गजराही नव्हता.

रेझिन रंगासारखे वाळत नाही. दोन भागांची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता निघते. थर जितका जाड, तितकी उष्णता जास्त. म्हणून बाटलीवर लिहिले असेल तेच प्रमाण घ्या, वजनाचे तर वजनाने, मापाचे तर मापाने. तीन-चार मिनिटे सावकाश ढवळा, भांड्याच्या कडा खरवडून. बाटलीवर सांगितल्यापेक्षा जाड थर नको. एक घट्ट होऊ द्या, मग दुसरा. ताजे फूल कधी घालू नका, ओलाव्याने ते काळवंडते. सिलिका जेलमध्ये आठवडाभर वाळवा. आपल्या बेंगळुरूच्या पावसाळी हवेत वर तेलकट, पांढुरकी साय येऊ शकते, तेव्हा कोरडा दिवस पाहा.

मुलांच्या आयांना विशेष विनंती. पातळ रेझिन आणि हार्डनर त्वचेला लागू देऊ नका. एकदा त्याची ॲलर्जी जडली की सहसा जन्माची सोबत करते. नायट्राइलचे हातमोजे, उघड्या खिडक्या आणि घासताना मास्क हवाच. मुलांनी फुले मांडावीत, रंग निवडावेत. ओतणे मोठ्यांनी करावे. उरलेले मोरीत ओतू नका, कपातच घट्ट होऊ द्या.

काहींनी विचारले, रेझिनचा गणपती करावा का? शोभेला जरूर करा, विसर्जनाला नको. ते पाण्यात विरघळत नाही. आपल्या तळ्यांना आधीच पुष्कळ सोसावे लागते. पूजेचा बाप्पा शाडूचाच बरा.

तो तडा गेलेला ठोकळा आज मुद्दाम आणला आहे, हातात घेऊन पाहा. जी वस्तू पुन्हा मिळणार नाही, ती पहिल्या प्रयोगात ओतू नका. आधी दहा वेळा बागेतल्या फुलांवर हात बसवा. रुळावर आम्ही हेच करतो: आधी नमुना, मग काम. घरात आपल्या माणसांच्या आठवणी असतात. त्यांना रुळापेक्षा कमी काळजी का?

गणपती बाप्पा मोरया!