पिला हाऊस

मुंबईच्या ग्रँट रोड भागांत ‘पिला हाऊस’ नांवाची एक वस्ती आहे. हें नांव चार माणसांसमक्ष उच्चारण्याचा आपल्या घरांत प्रघात नाहीं. कुंडलासारख्या गांवीं जन्मभर मुलें शिकविलेल्या मास्तरानें तर तें मुळींच घेऊं नये, असें आपणांपैकीं कांहींना वाटेल. परंतु शब्दाची व्युत्पत्ति सांगणें हा मास्तरांचा जुना हक्क आहे.

पिवळें घर, असा अर्थ पुष्कळ लोक लावतात. तो खरा नव्हे. ‘प्ले हाऊस’, म्हणजे नाटकगृह, हा इंग्रजी शब्द लोकांच्या जिभेवर घासून ‘पिला हाऊस’ झाला. जगन्नाथ शंकरशेट यांनीं दिलेल्या जागेवर १८४६ सालीं येथें नाटकगृह उभें राहिलें. तें होतें साहेबलोकांसाठीं. पण कोटांतून इतक्या दूर यावयास ते नाखूष असत. मग रिकामी रंगभूमि देशी मंडळ्यांना भाड्यानें मिळूं लागली.

प्रथम आलेल्यांत आमचे सांगलीचे विष्णुदास भावे होते. सांगलीस १८४३ सालीं त्यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें तें चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानें. १८५१ सालीं आप्पासाहेब निवर्तले, आश्रय तुटला, आणि १८५३ सालीं भाव्यांचे खेळ ग्रँट रोडवर झाले. वाड्यांतला प्रेक्षक निमंत्रित असतो. येथला तिकीट काढून येतो, आणि खेळ न आवडल्यास उद्यां येत नाहीं. मराठी नाटकाचा धंदा झाला तो या फरकामुळें. धंदा हा शब्द मी हेटाळणीनें योजीत नाहीं. नटालाहि पोट असतें. पुढल्याच वर्षीं भाव्यांनीं मुंबईस ‘राजा गोपीचंद’ हें हिंदी नाटक केलें, यावरून प्रेक्षक किती जातींचा होता तें कळतें.

भोंवतीं आणखी नाटकगृहें झालीं. त्यांतील बालीवाला थिएटरांत ८ जुलै १९२१ रोजीं ‘संयुक्त मानापमान’ झालें. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. म्हणजे आमच्या शेजारच्या नागठाण्याच्या राजहंसांपैकीं. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास गेलें. ज्या नांवाला आपण नाक मुरडतों, तेथें त्या रात्रीं मुंबईंतली प्रतिष्ठित घराणीं दाटीनें बसलीं होतीं!

१९३१ नंतर बोलपट आले, नाटकगृहांचीं चित्रपटगृहें झालीं, आणि लगतच्या कामाठीपुऱ्याची अपकीर्ति नांवाला चिकटली. तमाशानें मात्र गिरणी कामगारांच्या बळावर तग धरला.

त्या तमाशाचे बादशहा पठ्ठे बापूराव, म्हणजे वाळवें तालुक्यांतील रेठरें हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी. ब्राह्मण असून त्यांनीं फड उभारला, महार समाजांतील पवळाबाईंसह ते रंगभूमीवर आले, आणि स्वजनांचा रोष पत्करला. नाटकवाल्यांना आपण पुढें क्षमा केली. सांगलीस भाव्यांच्या नांवाचें नाट्यगृह आहे. बापूराव १९४५ सालीं विपन्नावस्थेंत वारले. त्यांची लावणी गुणगुणणारे गृहस्थ मला पुष्कळ भेटले. ती कोठें ऐकली, हें मात्र त्यांतला एकहि सांगत नसे.