बिडाचा तवा आणि पावसाळी हवा

चतुर्थी जवळ आली की आपल्याकडे माळ्यावरची भांडी खाली उतरतात. त्यात गोणपाटात गुंडाळलेला बिडाचा तवाही असतो, लालभडक गंजलेला. घरातलं कुणीतरी म्हणतं, "टाक तो भंगारात, नॉनस्टिक आसा मा!" आज मी त्या तव्याची बाजू मांडायला आले आहे.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. वितळलेला रस वाळूच्या साच्यात ओतून हा तवा घडतो. त्यात साधारण 2 ते 4 टक्के कार्बन असतो, म्हणून तो कडक असतो, तसाच ठिसूळही. पत्र्याचा तवा पडला तर वाकतो, बिडाचा फुटतो. आईच्या तापलेल्या तव्यावर मी एकदा गार पाण्याचा तांब्या ओतला होता. चर्र आवाज झाला आणि पाठोपाठ बारीकसं 'टक्'. कडेपासून मध्यापर्यंत केसासारखी रेघ गेली. तो तवा पुन्हा चुलीवर चढला नाही. म्हणून जुना तवा घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत वाजला तर धड आहे, बद्द वाजला तर तडा शोधा.

हा तवा हवा कशाला, तर घावनासाठी. बीड तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं. तांदळाचं पातळ, गार पीठ पातळ तव्यावर पडलं की तवा निवतो आणि घावन चिवट होतं. बिडाचा जाड तवा तेवढ्याने निवत नाही. पिठातल्या पाण्याची झटक्यात वाफ होते, ती वाट काढत वर येते आणि जाळी पडते. म्हणून मंद आचेवर सात-आठ मिनिटं तवा तापू द्या. पाण्याचा शिंतोडा टाका, थेंब नाचत पळाले तर पीठ घाला, आणि प्रत्येक वेळी तळापासून ढवळून घाला, कारण तांदूळ खाली बसतो.

आता गंजाचं बघू. कोकणातल्या आपल्या जिल्ह्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि किनाऱ्यावरच्या वाऱ्यात मीठ असतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि गंज झपाट्याने चढतो. मग आजीचा तवा कसा टिकला? तो चुलीजवळ असायचा. आषाढातही चूल पुरती विझत नसे, तिची ऊब आणि धूर तव्याला कोरडा ठेवत. आता गॅस आला, ती ऊब गेली आणि तवा बंद माळ्यावर गेला. चुलीचं ते काम आता आपण करायचं. तवा धुतला की फडक्याने पुसा, दोन मिनिटं आचेवर ठेवा, कोमट असतानाच तेलाचं बोट फिरवा. रात्रभर पाण्यात भिजत ठेवू नका. थोडा साबण लागला तर काही बिघडत नाही, त्याचं भय उगीच पसरलं आहे. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र कधीच बांधू नका, आत ओल कोंडते.

गंजलेला तवा काथ्या आणि राखेने घासा. गंज हट्टी असेल तर व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन अर्धा तास ठेवा, त्याहून फार जास्त नको, नाहीतर आम्ल खालचं लोखंडही खाऊ लागतं. धुऊन लगेच आचेवर सुकवा, पाच मिनिटं जरी ओला राहिला तरी पुन्हा लाली येते. मग तेल लावा आणि सगळं पुसून काढायचं आहे असं समजून पुसा. धूर येऊन ओसरेपर्यंत तापवा, निवू द्या. असं तीन-चार वेळा करा. तेलाचा थर जाड राहिला तर तवा चिकट होतो.

तेल कुठलं? आपल्या हाताशी खोबरेल असतं, पण ते तापून कडक, घट्ट असा थर धरत नाही. या कामाला सूर्यफुलाचं किंवा करडईचं तेल घ्या. रोजच्या घावनाला, नारळाच्या सोडणाने लावायला, खोबरेल उत्तमच.

आमसूल घातलेलं तिखलं किंवा आमटी मात्र बिडात करू नका. आंबटाने थर सुटतो, रस्सा काळा पडतो, धातूची चव उतरते. त्याला मातीचं मडकंच बरं. मासे तळायला वेगळा तवा ठेवा, म्हणजे सोमवारच्या घावनाला बांगड्याचा वास येणार नाही.

लोखंडी भांड्यातलं थोडं लोह अन्नात उतरतं, हे खरं आहे. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये इथिओपियातल्या मुलांचा अभ्यास आला. लोखंडी भांड्यातलं जेवणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यातलं जेवणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं. टाकळ्याची भाजी बिडाच्या कढईत जरूर करा, झाली की दुसऱ्या भांड्यात काढा. पण डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या त्यासाठी बंद करू नका. घरात थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

नव्याने तयार केलेल्या तव्यावर पहिलं घावन चिकटेल. घाबरू नका, ओढाताण करू नका. उलथण्याने हलकेच खरवडून काढा, पुन्हा तेलाचं सोडण फिरवा, दुसरं घाला. तेही मध्ये थोडं धरेल. तिसऱ्या-चौथ्या घावनाला झाकण काढाल तेव्हा त्याची कड आपोआप वर उचललेली दिसेल.