चिमूरच्या बंद दारांआड

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरहून सकाळी निघालं तर दुपारपर्यंत माणूस चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरला पोचतो. १६ ऑगस्ट १९४२, ‘चले जाव’चे दिवस, नागपंचमी. त्या दिवशी तिथं गोळ्या चालल्या, पोरसवदा बालाजी रायपूरकर पडला, आणि खवळलेल्या जमावानं चार सरकारी माणसं मारली. हे आपण दरवर्षी सांगतो. तीन दिवसांनी लष्कर गावात शिरलं, त्याबद्दल मात्र आवाज खाली करून बोलतो. कर्ते पुरुष धरून नेले होते. घरात उरल्या होत्या बायका आणि लेकरं. सैनिकांनी त्या घरांत काय केलं, हे काही बायांनी चौकशीला आलेल्यांना सांगितलं. त्या काळात, त्या गावात, त्यांनी तोंड उघडलं!

गांधीजींचे सहकारी प्राध्यापक भन्साळी सरकारी चौकशीची मागणी घेऊन दिल्लीला गेले. कुणाच्या दारात? आपल्या वणीच्या लोकनायक बापूजी अणे यांच्या. बापूजी तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. चिमूरला येणं त्यांच्याकडून झालं नाही. पुढं फेब्रुवारी १९४३मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी ते पद सोडलं, हेही खरं. पण आपल्या जिल्ह्यातल्या एवढ्या मोठ्या माणसाच्या दारातून ती मागणी रिकाम्या हातानं परतली, याची बोच मला आहे. भन्साळींनी ६३ दिवस अन्न घेतलं नाही. चिमूरच्या बातम्यांवरची बंदी उठली. सरकारी चौकशी झालीच नाही.

सरकारनं नाकारलं आणि गावानं अब्रूपायी झाकलं. अशा घरात वाढणाऱ्या लेकराला कुणी काही सांगत नाही. आई अमुक नाव निघालं की उठून का जाते, अंधार पडायच्या आत कडी का लावते, हे त्याला कळत नाही; पण तिची धास्ती त्याच्या अंगात उतरते. पुढं तेही तसंच कडी लावतं.

दुःख सगळीकडंच असं कडी लावून राहत नाही. अर्जेंटिनात १९७६मध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि हजारो तरुण नाहीसे केले. ३० एप्रिल १९७७ला त्यांच्या आया राजधानीच्या चौकात जमल्या. पुढं डोक्याला पांढरा रुमाल बांधू लागल्या. सुरुवातीला तो रुमाल म्हणजे लेकराचा जुना लंगोट होता. अजून दर गुरुवारी त्या चौकात फेरी निघते. त्यांचं दुःखही संपलेलं नाही, पण ते रस्त्यावर आहे, चारचौघांत आहे.

चिमूरच्या बाईला असा चौक कुठला? तिला नवऱ्याचा तुरुंगवास सांगता आला. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन सुरू झाली. तुरुंगवास, भूमिगत राहणं, जप्त झालेली जमीन, गोळीनं आलेलं अपंगत्व, सगळ्याला त्यात जागा होती. तिच्यावर जे गुदरलं ते कुठल्या रकान्यात लिहायचं, हे तिला कुणी विचारलं नाही. नवऱ्याच्या नावापुढं विधवा म्हणून तिनं अंगठा उठवला असेल, तेवढीच तिची नोंद.